भट्टीलाही वैल हवा



प्रतापगड म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे साताऱ्याकडचा, इतिहासाच्या पुस्तकातला किल्ला उभा राहील. पण आमच्या गोंदिया जिल्ह्यातही एक प्रतापगड आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील डोंगरावर एका जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि पायथ्याशी त्याच नावाचे गाव. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. माझे आजोळ या गावचे. कवेलूंचे छप्पर, शेणाने सारवलेली जमीन आणि सैपाकघराच्या कोपऱ्यात मातीची चूल, असे ते घर होते.

त्या चुलीला वैल होता. ज्यांनी वैल पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चुलीला लागूनच, तिला आतून भोकाने जोडलेले मातीचे दुसरे आळे असते. त्यात लाकूड घालत नाहीत. चुलीतली धग त्या भोकातून इकडे येते आणि वर ठेवलेले भांडे तापत राहते. आजी चुलीवर भात शिजवी, वैलावर वरण ठेवी आणि सैपाक आटोपला की विझत आलेल्या निखाऱ्यांवर हातपाय धुण्याच्या पाण्याचा गुंड चढवी. "आगीले खाली बसू देऊ नोको, बाबू," असे ती मला सांगे.

पुढे मी पदार्थविज्ञान शिकलो, आता ते शिकवतो. आजीचे ते वाक्य ऊष्मागतिकीच्या एका मोठ्या नियमाच्या किती जवळ जाते हे मला फार उशिरा उमगले. ते कसे उमगले ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. विषय चुलीचा नाही. तुमच्या पायाखालच्या टाइलचा आहे.

एका विद्यार्थिनीचा प्रश्न

आजोळच्या त्या घरात आता टाइल्सची फरशी आहे. खेड्यापाड्यांतल्या नव्या घरांतूनही ती दिसू लागली आहे. आपल्या राज्यात ठाणे, रायगड या जिल्ह्यांत टाइलचे कारखाने निघाले. पण देशातील टाइल्सचा सर्वांत मोठा वाटा आज गुजरातमधील मोरबी या एका गावाच्या परिसरातून येतो. दुकानातल्या खोक्यावरचा पत्ता वाचून पाहा, बहुधा मोरबीच सापडेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाची सहल अशाच एका टाइल कारखान्यात गेली होती. कारखान्याचे नाव महत्त्वाचे नाही. बहुतेक ठिकाणी रीत सारखीच असते. चिकणमाती, फेल्डस्पार आणि गारगोटीची पूड बॉल मिल नावाच्या मोठ्या फिरत्या पिंपात पाणी घालून दळतात. त्यातून रबडीसारखा चिखल निघतो; कारखान्यात त्याला स्लिप म्हणतात. हा चिखल स्प्रे ड्रायर नावाच्या उंच बुरुजात बारीक फवाऱ्याने उडवतात. तेथे ५००-६०० अंश सेल्सिअसची गरम हवा त्याला भेटते, पाणी क्षणात उडून जाते आणि खाली रव्यासारखी भुकटी पडते. ही भुकटी साच्यात प्रचंड दाबाने दाबली की कच्ची टाइल होते. ती वाळवतात, तिच्यावर झिलईचा थर देतात आणि मग ती रुळांवरून सरकत एका लांबलचक भट्टीतून जाते. भट्टीच्या मध्यभागी तापमान ११०० ते १२०० अंशांच्या घरात असते. सुमारे तासाभरात टाइल एका टोकाने आत जाऊन दुसऱ्या टोकाने भाजून, थंड होऊन बाहेर येते.

मुले हे सारे तोंडात बोट घालून पाहत होती. स्प्रे ड्रायरच्या धुराड्यातून पांढरी वाफ निघत होती. एका मुलीने मला विचारले, "सर, आधी पाणी घालायचं, मग जाळ करून तेच काढायचं. मग ते जातं कुठं?"

मी तिला "वातावरणात" असे उत्तर दिले. तिने पुन्हा विचारले, "आणि त्याच्याबरोबर उष्णताही?" मी गप्प बसलो. बर्फाचे पाणी, पाण्याची वाफ, सुप्त उष्णता यांवरची गणिते मी वर्षानुवर्षे फळ्यावर सोडवीत आलो होतो. उत्तर किलोज्यूलमध्ये आले की त्याखाली दोन रेघा ओढायच्या आणि पुढच्या गणिताकडे वळायचे. ती उष्णता नंतर कुठे जाते, हा प्रश्न मी वर्गात कधी विचारलाच नव्हता.

हिशेब करून पाहू

तो हिशेब आता आपण मिळून करू. आकडे ढोबळ आहेत, पण खऱ्याच्या जवळचे आहेत.

स्लिपमध्ये वजनाने ३५ टक्के पाणी आणि ड्रायरमधून निघणाऱ्या भुकटीत ६ टक्के ओल धरा. एक टन भुकटीत ९४० किलोग्रॅम कोरडा माल असतो. तेवढ्या मालाच्या स्लिपमध्ये सुमारे ५०५ लिटर पाणी होते; त्यातले ६० भुकटीत उरले. म्हणजे टनामागे ४४५ लिटर पाणी हवेत गेले. दहा बाय दहा फुटांच्या खोलीला सुमारे १८५ किलोग्रॅम टाइल लागते. तेव्हा तुमच्या एका खोलीच्या फरशीपायी सुमारे ८० लिटर, म्हणजे चार-पाच मोठ्या घागरी पाणी वाफ होऊन उडाले आहे.

आता उष्णता. एक किलोग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे २९३ किलोज्यूल लागतात आणि त्याची वाफ करायला आणखी सुमारे २,२५७. दोन्ही मिळून २,५५० धरू. ४४५ ला २,५५० ने गुणले की सुमारे ११ लाख ३५ हजार किलोज्यूल येतात. एक किलोग्रॅम दगडी कोळशातून २० हजार किलोज्यूल मिळतात असे मानले, तर एक टन भुकटी वाळवायला ५७ किलोग्रॅम कोळसा हवा. आणि तोही एक कणभर उष्णता इकडेतिकडे गेली नाही तर!

आता भट्टीच्या दुसऱ्या टोकाला चला. तेथे १२०० अंशांची लाल टाइल थंड व्हायची असते. भाजलेल्या मातीची विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅमला, दर अंशाला साधारण एक किलोज्यूल असते. एक टन टाइल १२०० वरून १०० अंशांपर्यंत थंड होताना किती उष्णता देईल? ११ लाख किलोज्यूल!

हे दोन आकडे पुन्हा पाहा. एका टोकाला चिखल वाळवायला जेवढी उष्णता लागते, जवळजवळ तेवढीच दुसऱ्या टोकाला आपण पंखे लावून टाइलमधून बाहेर काढतो. रोलर भट्टीच्या अभ्यासातही हेच दिसते: भट्टीत जाळलेल्या इंधनातली निम्म्याहून अधिक उष्णता धूर आणि थंडाव्याची हवा यांच्या वाटेने निघून जाते.

हे वाचून तुम्ही म्हणाल, मग अवघड काय आहे? या टोकाची उष्णता त्या टोकाला नेली की झाले! येथेच सावध व्हायला हवे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम एवढेच सांगतो की उष्णता नाहीशी झाली नाही. ती आपल्या उपयोगाची राहिली आहे की नाही, हे तो सांगत नाही.

उष्णतेलाही प्रत असते

बाजारात तांदळाची जशी प्रत पाहतात, तशी उष्णतेचीही पाहावी लागते. तिची प्रत म्हणजे तिचे तापमान. फ्रान्समधील सादी कार्नो या तरुण अभियंत्याने १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या विचाराचा पाया घातला. त्याच्या विचारातून पुढे निघालेले सूत्र वापरून पाहू. बाहेरची हवा ३० अंशांची असेल, तर १२०० अंशांवरच्या उष्णतेपैकी जास्तीत जास्त ७९ टक्क्यांचे यांत्रिक कार्य करून घेता येईल. तीच उष्णता ५५ अंशांवर आली की हा आकडा ८ टक्क्यांच्याही खाली उतरतो. किलोज्यूल तेवढेच, पण प्रत घसरली.

म्हणून ५५ अंशांच्या उष्णतेला कामच नाही काय? आहे. पण तिला ५५ अंशांतच भागेल असे काम शोधून द्यावे लागते. आजी वैलावर भात ठेवीत नसे आणि निखाऱ्यांवर वरण ठेवीत नसे. जाळाची धग भाताला, वैलाची धग वरणाला, निखाऱ्यांची ऊब पाण्याला. तिने उष्णतेच्या तीन प्रती केल्या होत्या आणि प्रत्येकीला जोगते काम दिले होते. शिवाय ही तिन्ही कामे चुलीच्या हाताशीच होती. वैल परसात बांधला असता, तर धग वाटेतच निवाली असती.

जुना कुंभारही हेच करीत आला. कवेलू थापले की आधी उन्हात वाळवायचे आणि मग भट्टीत रचायचे. पाणी घालवायला कमी प्रतीची, फुकटची उष्णता. माती पक्की करायला मात्र खरी आग. कारखान्याला पावसाळ्यातही रोज माल काढायचा असतो. त्याला उन्हावर विसंबून चालत नाही हे खरे. पण १२०० अंश देऊ शकणारे इंधन जाळून नुसते पाणी उडवणे म्हणजे तराजूतल्या सोन्याच्या मापाने मीठ तोलण्यासारखे आहे, हे त्या कुंभाराकडे पाहून कळते.

कारखान्यात वैल कसा बांधतात?

ही कल्पना काही आजची नाही. जर्मनीच्या फ्रीडरिश हॉफमनने १८५८ साली पेटंट घेतलेली वर्तुळाकार वीटभट्टी हा एक प्रचंड वैलच होता. त्यात आग एका खणातून पुढच्या खणात सरकत जाई. भाजून झालेल्या विटांमधून येणारी हवा तापून आगीपर्यंत पोहोचे आणि आगीचा धूर पुढच्या कच्च्या विटांना शेकत जाई. तप्त विटेची उष्णता हवेला, धुराची उष्णता कच्च्या विटेला. बाहेर पडेपर्यंत धूर बराच निवालेला असे.

टाइलच्या भट्टीतही अशी सोय करतात. थंडाव्याच्या भागातली गरम हवा स्वच्छ असते, कारण तिच्यात धूर मिसळलेला नसतो. ती नळातून कच्च्या टाइल वाळवण्याच्या कक्षात नेतात. तेथे दीडशे-दोनशे अंश पुरतात, म्हणजे जोडी बरोबर जुळते. हीच हवा ज्वलनासाठीही वापरता येते. ज्वलनाची हवा दर २० अंशांनी अधिक तापवली की साधारण एक टक्का इंधन वाचते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. ३० ऐवजी २०० अंशांची हवा दिली, तर आठेक टक्के बचत झाली.

पण हाव धरून चालत नाही. टाइलमध्ये उरलेल्या गारगोटीच्या स्फटिकांची रचना ५७३ अंशांना एकाएकी बदलते आणि त्यांचे आकारमानही बदलते. त्या टप्प्यावर टाइल घाईने थंड केली तर तडकते. म्हणजे उष्णता केव्हा आणि किती वेगाने काढायची, हे मातीला विचारूनच ठरवावे लागते.

आता त्या मुलीच्या वाफेकडे येऊ. स्प्रे ड्रायरमधून बाहेर पडणारी हवा साधारण १०० अंशांची आणि दमट असते. ती थंड करीत नेली, तर ५० ते ६० अंशांच्या आसपास तिचा दवबिंदू येतो आणि पाणी थेंबाथेंबाने सुटू लागते. हिवाळ्यात गवतावर दव पडते तसेच हे. येथे एका दगडात दोन पक्षी मिळतात: पाणीही परत येते आणि वाफ करताना घातलेली सुप्त उष्णताही. म्हणून या ठिकाणी पाणी वाचवणे आणि उष्णता वाचवणे ही दोन निरनिराळी कामे नाहीत.

यात अडचणीही आहेत. त्या हवेत बारीक धूळ असते. भट्टीच्या धुरात तर मातीतल्या फ्लोरिनपासून आणि गंधकापासून तयार झालेली आम्लवायू असतात. धूर दवबिंदूखाली नेला की ती पाण्यात विरघळून लोखंडी नळ खाऊन टाकतात. म्हणून असे उष्णताविनिमयक गंज न धरणाऱ्या धातूंचे करावे लागतात आणि ते महाग पडतात. युरोपात रोलर भट्टीच्या थंडाव्याच्या भागावर उष्णतानलिका बसवून प्रयोग झाले आहेत. ही नलिका दोन्ही टोकांना बंद असते आणि आत थोडेसे पाणी असते. खालचे टोक गरम हवेत ठेवले की आतले पाणी उकळते, वाफ वर जाते, वरच्या टोकाला उष्णता देऊन पुन्हा पाणी होते आणि खाली ओघळते. पंप नाही, फिरता भाग नाही.

सुटलेल्या पाण्याचे काय करायचे? ते पिण्याजोगे नसते. पण बॉल मिलमधल्या चिखलाला पिण्याचे पाणी लागतेच कशाला? झिलईच्या विभागातले धुण्याचे पाणीही टाकीत निवळून पुन्हा दळणाला वापरता येते, आणि कित्येक कारखाने तसे वापरतात. पाण्याचीही प्रत असते, मित्रहो. तांदूळ धुतलेले पाणी घरोघरी गुरांच्या टोपल्यात जात असे, ते याच न्यायाने. आमच्या भागातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. वरच्या तलावाच्या सांडव्यातून निघालेले पाणी खालच्या बांध्यांतला धान भिजवते आणि उरलेले पुढच्या बोडीत उतरते. पाणी उतारावर असते तोवर त्याच्याकडून पुन्हा पुन्हा काम घ्यायचे, हे कोहळी समाजातल्या तलाव बांधणाऱ्यांना ठाऊक होते. उष्णताही तापमानाच्या उतारावरूनच वाहते.

अभियंत्याचे म्हणणे आणि माझे

त्या सहलीत मी कारखान्याच्या अभियंत्याला मुलीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "सर, वाफ पकडायचं यंत्र येतं. पण त्याची किंमत वसूल व्हायला किती वर्षं लागतील ते मालक आधी विचारतात." त्याचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. कारखाना चालला तर शेकडो घरांची चूल पेटते. प्रत्येक कणभर उष्णता परत मिळवायची असे म्हणणारा माणूस ऊष्मागतिकीचा दुसरा नियम विसरलेला असतो. काही उष्णता जाणारच, आणि काही पकडण्यापेक्षा सोडून देणे शहाणपणाचे ठरते.

परंतु मला वाटते, आपण चुकीच्या टोकाने सुरुवात करतो. बचत म्हटली की आपल्याला यंत्र आठवते. यंत्राचा क्रम शेवटचा आहे.

पहिला क्रम आहे मुळात खर्चच न करण्याचा. स्लिपमध्ये ३५ ऐवजी ३३ टक्के पाणी घातले तर? सोडियम सिलिकेटसारखे पदार्थ चिमूटभर मिसळले की कमी पाण्यातही चिखल तितकाच प्रवाही राहतो. वरचाच हिशेब पुन्हा करा: टनामागे उडवायचे पाणी ४४५ वरून सुमारे ४०३ लिटर होते. पाणी कमी केले दोन टक्क्यांनी आणि वाळवण्याची उष्णता वाचली सुमारे साडेनऊ टक्के! भुकटी कोरडीच दळून नंतर थोडी ओलसर करण्याची रीतही काही ठिकाणी वापरतात; तिथे तर बहुतेक पाणी घालावेच लागत नाही. न घातलेले पाणी काढण्यासाठी कोणतेही धुराडे लागत नाही.

दुसरा क्रम शेजाराचा. थंडाव्याची हवा वाळवण्याच्या कक्षाला द्यायची, तर ते दोन्ही जवळ हवेत. हे कारखाना बांधताना कागदावर ठरवले तर चार नळांत भागते; बांधून झाल्यावर ठरवले तर भिंती फोडाव्या लागतात. हीच गोष्ट औद्योगिक वसाहतींची. ज्याची उष्णता उरते आणि ज्याला ऊब लागते असे दोन उद्योग शेजारी बसवायचे की दहा किलोमीटरांवर, हे भूखंड वाटताना कोणी विचारते काय? माझ्या मते तो प्रश्न पाणी आणि वीज यांच्या बरोबरीने विचारला गेला पाहिजे. उष्णता लांबचा प्रवास सोसत नाही.

हे दोन्ही झाल्यावर मग यंत्र. तेव्हा ते लहान लागेल आणि त्याची किंमतही लवकर वसूल होईल.

आणि किमतीचा हिशेब तरी पुरता मांडू या. मोरबीतले अनेक कारखाने पूर्वी कोळशापासून स्वतःच वायू तयार करून जाळीत. तो स्वस्त पडे. पण त्या क्रियेत डांबर आणि विषारी सांडपाणीही निघे आणि त्याचा खर्च कारखान्याच्या वहीत नसे. तो आसपासच्या जमिनीच्या आणि पाण्याच्या वाट्याला येई. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने असे वायुनिर्माते बंद करण्याचा आदेश दिला आणि कारखान्यांना महागड्या नैसर्गिक वायूकडे वळावे लागले. स्वस्त इंधन असते तोवर उष्णता वाया जाताना कोणाला दिसत नाही. इंधन महागले की धुराड्याकडे लक्ष जाते. माझे म्हणणे एवढेच की, ते लक्ष आधीच जायला हवे. कारण बसवलेली भट्टी पुढे अनेक वर्षे चालते.

शाळेत काय करता येईल?

शिक्षकबंधू-भगिनींना माझी एक विनंती आहे. आपल्याकडे २००१ साली ऊर्जा संवर्धन अधिनियम झाला आणि १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी चित्रे आणि घोषवाक्ये यांच्या स्पर्धा होतात. त्या जरूर व्हाव्यात. पण "ऊर्जा वाचवा" असे रंगवून लिहिणाऱ्या मुलाला ऊर्जा कुठे जाते हे ठाऊक नसेल, तर तो वाचवणार काय? त्यापेक्षा त्या आठवड्यात मुलांकडून एक हिशेब करवून घ्यावा.

गोंदिया परिसर धानाचा आणि भात गिरण्यांचा. उसना तांदूळ करणाऱ्या गिरणीत धान गरम पाण्यात भिजवतात, वाफेने उकडतात आणि पुन्हा वाळवतात. म्हणजे टाइलसारखेच: पाणी घाला, मग पाणी काढा. परवानगी काढून, मोठ्या माणसांच्या सोबतीने अशी एखादी गिरणी पाहा. तापमापी घेऊन जा. भिजवणीचे टाकून दिलेले पाणी किती अंशांचे आहे? धुराडे कुठे आहे आणि वाळवणी कुठे? गरम काय बाहेर जाते आणि थंड काय आत येते, याच्या दोन याद्या करा. मग पहिल्या यादीतल्या कशाची जोडी दुसरीतल्या कशाशी जुळते ते रेघ ओढून दाखवा. कोकणातल्या मुलांना गिरणीऐवजी काजूची भट्टी मिळेल, पश्चिम महाराष्ट्रातल्यांना गुऱ्हाळ. गुऱ्हाळातही रस उकळून पाणी उडवतात आणि त्याच वाफेत उष्णता जाते.

तेही जमले नाही तर घरी एवढे करा. एका पातेल्यात एक लिटर पाणी मोजून घ्या आणि उकळी आल्यापासून दहा मिनिटे झाकणाशिवाय उकळू द्या. गॅस बंद करून पाणी निवल्यावर पुन्हा मोजा. किती मिलिलिटर गेले? दर मिलिलिटरला २.२६ किलोज्यूल या दराने उडालेल्या वाफेची उष्णता काढा. मग दुसऱ्या दिवशी झाकण ठेवून, आच मंद करून हाच प्रयोग करा. दोन उत्तरांतला फरक वहीत लिहा आणि त्याखाली दोन रेघा ओढण्यापूर्वी एक ओळ लिहा: ही उष्णता कुठे गेली?

शेवटी आजीच्या चुलीविषयी. ती चूल आता नाही. तिच्या धुराने आजीचे डोळे कायम चुरचुरत असत. गॅस आला तेव्हा सर्वांत आधी तिलाच बरे वाटले. वैल असूनही अशा चुलीत लाकडातली दहा-पंधरा टक्केच उष्णता भांड्यापर्यंत पोहोचते, तर घरगुती गॅस शेगडी भारतीय मानकाप्रमाणे किमान ६८ टक्के कार्यक्षम असावी लागते. तेव्हा जुने ते सोने असे मी म्हणत नाही. चूल गेली हे चांगलेच झाले. पण तिच्याबरोबर आगीला रिकामे बसू न देण्याची सवय गेली, तर ते चांगले नव्हे.

ती विद्यार्थिनी पुढे कोठे गेली हे मला ठाऊक नाही. तिच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मी तिला तेव्हा देऊ शकलो नाही. तुमच्यापैकी कोणी उद्या भट्टी बांधेल, कोणी गिरणी चालवील, कोणी भूखंडांचे नकाशे काढील. तेव्हा कागदावर पहिली रेघ ओढताना हा प्रश्न स्वतःला विचारा. वैल चुलीबरोबरच बांधायचा असतो. चूल पेटल्यावर तो बांधता येत नाही.